रिलीव्हर आला का? मुलुंड, मरोळ आणि मागाठाणे, एका दिवसात

या ब्लॉगवर मी आजवर किल्ल्यांबद्दल आणि लेण्यांबद्दल लिहिलं. हा प्रवास मुंबईच्या उपनगरांतलाच आहे. सकाळी निघाले आणि दिवेलागणीला घरी होते.

बाबांना जाऊन वर्ष व्हायला पंधरा दिवस होते. आई म्हणाली, "एकदा त्यांची कंपनी बघून ये गं. फोटो काढून आण. माझे गुडघे आता नाही म्हणतात." बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत टर्नर होते, लेथ मशीनवर. कंपनी बंद पडेपर्यंत तिथेच होते. मी जन्मापासून मुलुंडला राहते, पण मरोळला कधी गेले नव्हते. बाबा घरी कामाबद्दल बोलत नसत.

जाण्याचं माझं आणखी एक कारण होतं, ते मी आईला सांगितलं नव्हतं. बाबांना फुप्फुसांचा आजार होता. शेवटचे चार दिवस ते घरीच होते आणि थोड्या थोड्या वेळाने एकच विचारायचे, "रिलीव्हर आला का?" मी मेडिकलच्या दुकानात काउंटरवर काम करते. दम्याच्या निळ्या पंपाला आमच्याकडे रिलीव्हर म्हणतात, आणि गिऱ्हाईकंही "माझा पंप आला का?" असंच विचारतात. मी पंप हलवून त्यांच्या तोंडाशी न्यायचे. ते मान फिरवायचे. शेवटच्या दुपारी त्यांनी माझा हात बाजूला सारला. हातात जोर नव्हता, तरी सारला. त्यानंतर ते बोलले नाहीत. ते माझ्यावर चिडून गेले, असं मला वर्षभर वाटत होतं. कंपनीचं गेट बघून त्यावर काही उत्तर मिळेल असं नव्हतं. पण घरात बसूनही मिळालं नव्हतं.

शनिवारी अकराला निघाले. मुलुंड ते घाटकोपर बसने गेले. रस्त्याच्या मधोमध मेट्रोचं काम चालू आहे, त्यामुळे हातात तासभर ठेवा. खिडकीशी बसलात तर भांडुप-कांजूरला जिथे कारखाने होते तिथे आता काय काय उभं आहे ते नीट दिसतं. आमच्या लहानपणी या पट्ट्यात लोक कारखान्याच्या भोंग्यावरून घड्याळ लावायचे. आता तिथल्या फलकांवर पोहण्याच्या तलावांची चित्रं आहेत.

घाटकोपरला स्टेशनबाहेर गरम फाफडा खाल्ला आणि मेट्रो धरली. मरोळ नाक्यापर्यंत दहा-बारा मिनिटं लागतात, तिकीट वडापावच्या जोडीइतकं. असल्फ्याची टेकडीवरची रंगवलेली घरं बघायची असतील तर दाराशी उभं राहा. माझ्या शेजारी दोन मुली होत्या. गळ्यातल्या ओळखपत्रांवर एकीचं आडनाव यादव, दुसरीचं नायर. बोलत होत्या मराठीत.

"रोस्टर बदललं यार. सगळी वाट लागली वीकेंडची."

"मग तू काय बोललीस त्याला?"

"काय बोलणार? 'येस सर' बोलले."

"झकास! आणि मला सांगत होतीस, तोंडावर बोलेन म्हणून."

दोघी साकीनाक्याला हसत उतरल्या. बाबा त्यांच्या साहेबाला काय म्हणत असतील, असं तेव्हा मनात आलं.

मरोळ नाक्यावरून कंपनीचा पत्ता पंधरा मिनिटांवर निघाला. माझ्याकडे बाबांचं जुनं ओळखपत्र होतं, प्लॉट नंबर त्यावरचा. त्या नंबरावर आता नऊ मजली काचेची इमारत आहे. मी फोन वर धरला तर गेटवरचा सुरक्षारक्षक धावत आला. पन्नाशीचा माणूस, मूळचा दरभंग्याचा.

"मॅडम, फोटो अलाउड नाही."

"माझे वडील इथे कामाला होते. पूर्वी कारखाना होता तेव्हा."

त्याने ओळखपत्र हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. "फिर तो सिनियर हुए हमारे," म्हणाला, आणि स्वतः बाजूला झाला. "सिर्फ गेट का लो. जल्दी." मी एक फोटो काढला. तो घड्याळाकडे बघत होता. दोन वाजून गेले होते.

"सुटायची वेळ झाली का?" मी विचारलं.

"कब की. लेकिन जायेंगे कैसे?" त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "गेट नंबर एक. रिलीव्हर आया क्या? ओव्हर."

मी हातातला फोन खाली घेतला. "काय म्हणालात तुम्ही?"

"रिलीव्हर, मॅडम. अगली शिफ्टवाला. वो आये बिना गेट छोड नहीं सकते ना."

गेटसमोर चहाची टपरी आहे. मी तिथल्या बाकावर जाऊन बसले. टपरीवाले सावंतकाका मालवणकडचे, कारखान्याच्या काळापासून तिथेच आहेत. ओळखपत्र पाहून म्हणाले, "शांतारामाचा चेडू गो तू? नाकावरून कळला असता." आलं घातलेला चहा त्यांनी न विचारता पुढे केला. मरोळला गेलात तर हा चहा चुकवू नका.

मी विचारलं, "काका, कारखान्यातही रिलीव्हर असायचा का?"

"म्हणजे काय! एक मशीन, दोन माणसं. तुझ्या बापाशीचो रिलीव्हर म्हणजे पेरुमाळ. मद्रासी, पण शिव्या मालवणी देणार. माझ्याकडनंच शिकलो!" आणि त्यांनी फोनमधून नंबर काढून दिला. "जा. मागाठाण्याक रवता. आता टावरात गेलो, पण माणूस तोच आसा."

फोनवर आवाज आला, "शांतारामची मुलगी? मग फोनवर काय बोलतेस? ये ना."

मरोळहून मेट्रोने महामार्गाच्या स्टेशनवर उतरायचं आणि पादचारी पुलाने गुंदवलीला जायचं. तिथून बोरिवलीकडची दुसरी मेट्रो. उजवीकडे बसा, पुढे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसतात. मला त्या दिवशी ते फारसे दिसले नाहीत.

पेरुमाळकाकांची चाळ पाडून तिथे टॉवर झालाय, त्यात ते सतराव्या मजल्यावर राहतात. कारखाना बंद झाल्यावर त्यांनी घरी इडलीचं पीठ वाटून विकायला सुरुवात केली. आता इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऑर्डर येतात आणि हिशोब त्यांची नागपूरची सून बघते. नात त्यांच्याशी तमिळमध्ये बोलत होती, आईशी मराठीत, टीव्हीशी हिंदीत.

बाबा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. काकांनी घर बदललं तेव्हा त्यांचा नंबरही बदलला आणि बाबांचा हरवला. ते उठून गॅलरीत गेले. परत आले तेव्हा मी सगळं सांगितलं, पंपासकट.

"तू पंप दिलास?" ते म्हणाले. "वेडी गं तू. मी आलो का, ते विचारत होता तो."

सून म्हणाली, "अहो बाबा, असं काय बोलता त्यांना?"

"खरं ते बोलतो. ऐक पोरी. चालतं मशीन सोडून जायचं नाही, हा नियम. मी पंधरा मिनिटं आधी पोचायचो. तो म्हणायचा, 'गरम आहे.' म्हणजे जॉब लागलेला आहे, मशीन चालू आहे. मी हँडलवर हात ठेवायचो आणि म्हणायचो, 'सोड.' मग तो हात काढायचा. त्याच्याआधी नाही. एकदा माझी बायको बाळंतीण होती, मी आलोच नाही. तो सलग दोन पाळ्या उभा राहिला. दुसऱ्या दिवशी एक शब्द बोलला नाही मला."

"म्हणजे ते माझ्यावर चिडले नव्हते?"

"मशीनवर असताना कोणी मध्ये हात घातला तर तो असाच बाजूला करायचा. माझासुद्धा केलाय." मग म्हणाले, "मला कळवायचं होतं गं कोणीतरी. आलो असतो मी."

मी वर्षश्राद्धाची तारीख आणि पत्ता लिहून दिला. निघताना पिठाची पिशवी हातात आली. घोडबंदरवरून ठाण्याची बस मिळाली, पुढे रिक्षा केली. आईला गेटचा फोटो दाखवला. काचेची इमारत बघून ती म्हणाली, "ही त्यांची नव्हे." मग निरखून म्हणाली, "गेटाचे खांब तेच आहेत."

ही सहल कोणी करावी? तुमच्या घरचं कोणी भांडुप, कुर्ला, मरोळ कुठेही कारखान्यात कामाला असेल तर जरूर करा. जागा ओळखू येणार नाही. पण गेटवर कोणीतरी उभं असतं, आणि अजून तेच शब्द वापरतं.

निळा पंप मी अजून टाकलेला नाही. पण आता कपाट उघडताना तो दिसला तरी चालतं.

वर्षश्राद्धाला गुरुजी अकराला यायचे होते. पेरुमाळकाका पावणेअकराला दारात हजर. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पिठाचा डबा. डबा आईकडे दिला, चपला काढल्या आणि बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले नाहीत. उजवा हात फोटोच्या चौकटीवर ठेवला, आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "सोड."