गोगलगायींची पंगत

समोर कुणीतरी उपाशी आहे, या नुसत्या शंकेनं ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही असा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात माझ्या घरमालकांशिवाय दुसरा नसावा. बातमीदाराला अशी सरसकट विधानं करायची मनाई असते. हे मी पडताळून करतो आहे. जाफराबादेत त्यांच्याच घराच्या माडीवर मी भाड्यानं राहतो. काका निवृत्त बसचालक, आणि त्यांचा पंजा ज्वारीच्या भाकरीएवढा. नोकरीत असताना वाटेत गाडी चहापाण्याला थांबली, की शेवटचा प्रवासी शेवटचा घास गिळेपर्यंत त्यांनी कधी हॉर्न वाजवला नाही. वाहक घड्याळ दाखवायचा, तर म्हणायचे, "जेवत्या माणसाला उठवत नसतेत. गाडी काय माझ्याबिगर जाऊन राह्यली का?" पत्ता चुकून दारात आलेला कुरिअरवाला त्यांच्याकडं जेवून गेला, ज्याचं पार्सल होतं तो शेजारी शोधत आला, तर तोही जेवून गेला. एका चतुर्थीला आम्ही दोघं जीपनं राजूरला निघालो होतो. वाटेत त्यांनी डबा उघडून सगळ्यांपुढं भाकरी धरली. गणपतीला निघालेली जीप ती, एकूणएक माणसाचा उपास. काकांचा उपास नव्हता, तरी डबा जसाच्या तसा बंद झाला आणि संध्याकाळपर्यंत काकाही उपाशी राहिले.

अशा माणसाच्या हाती काकूंनी फिशटँक सोपवला, हीच खरी धक्कादायक घटना. पुढचं सगळं ओघानंच आलं. टँकमध्ये एकच मासा, केशरी गोल्डफिश, नाव शेवंती. मुलीनं कॉलेजात असताना आणलेला. मुलगी सासरी गेल्यापासून काकू धान्य निवडताना, टिपताना शेवंतीशीच बोलत. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या पुण्याला निघाल्या, तेव्हा पायरीवर थांबून त्यांनी माझ्यादेखत ताकीद दिली, "सकाळी एक चिमूट खाणं. तुमच्या चिमटीनं न्हाई, माझ्या. मी लेकीला आन् नातवंडाला घेऊन येईन तवा शेवंती जित्ती दिसली पायजे."

"बिलकुल," काका म्हणाले. एवढ्या गंभीरपणे त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी खालून हाक मारली, "पेपरवाले, जल्दी खाली या!" मी गेलो आणि दारातच थांबलो. अपघात, आगी, पुराचं पाणी शिरलेली घरं पाहून झालेली आहेत. पण त्या बैठकीच्या खोलीत मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. टँकची काच काळपट, खरबरीत झाली होती. आतल्या बाजूनं कुणी मसूर चिकटवावी तसे दाणेच दाणे दिसत होते. जवळ गेलो तर दाणे सरकत होते. काचेवर, वाळूवर, पानांवर, पाणी गाळणाऱ्या यंत्राच्या स्पंजवर, सगळीकडं गोगलगायी. मधेमधे त्यांच्या अंड्यांचे चिकट, पारदर्शक ठिपके. या सगळ्याच्या वर शेवंती पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेत होती.

"हे कुठून आलं?" मी विचारलं.

"शेवंतीला करमंना म्हणून जालन्याहून एक झाड आणल्तं पाण्यातलं. त्याच्या पानाला एखादी असंल." काकांची नजर टँकवरच होती. "पेपरवाले, ही मेली तर मी पोरीला काय सांगू?"

दुकानदारानं त्यांना गोगलगायी मारायचं औषध दाखवलं होतं. न बोलावता आले असले तरी पाहुण्यांना विष घालायचं नसतं, असं सांगून काका परत आले होते. मग त्यांनी एकेक गोगलगाय हातानं वेचून बादलीत टाकली. बादलीत त्या काय खातील, म्हणून पालकाची पानं सोडली. आता बादलीही भरली होती. मी चार ठिकाणी वाचून खातरजमा केली आणि एक साधा उपाय सुचवला: टँकमध्ये काकडीचा काप टाकायचा, गोगलगायी त्यावर जमल्या की काप त्यांच्यासकट उचलायचा. काका खूश झाले. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर गोगलगायी होत्या तेवढ्याच आणि काकडीची फक्त साल उरली होती.

"जमल्या न्हाईत का?"

"जमल्या ना! चांगली पंगत बसल्ती."

"मग उचलली का नाही?"

काकांनी माझ्याकडं अविश्वासानं पाहिलं. "जेवत बसलेल्यांना उठवू?" मग खालच्या आवाजात, "कडंच्या दोघीतिघींना पुरलं न्हाई, म्हणून मंग अजून एक काप टाकला."

मी खुर्ची ओढून बसलो. पाण्याला आंबूस वास येत होता आणि तळाशी पांढरा गाळ साचला होता. निरखून पाहिलं, तर तो भात होता.

"काका, शेवंतीला तुम्ही रोज काय देता?"

"हिनं सांगितलंय तेच. चिमूटभर." थोडं थांबून, "सकाळी. आन् मंग मी जेवतो तवा. समोर बसून बघून राह्यती हो ती! आपण खायचं आन् तिनं बघायचं? घरात आता दुसरं कोण हाये जेवायला?"

माझ्यापुरतं प्रकरण तिथं उलगडलं. गोगलगायी वाढतात त्या उरलेल्या अन्नावर. पाणी नासतं तेही त्यानंच. मी शक्य तेवढ्या कोरडेपणानं सांगितलं, की भात कायमचा बंद, आणि शेवंतीला दोन दिवस उपास. हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. "उपाशी ठिवायचं? घरात?" ते पुन्हापुन्हा तेच विचारत राहिले. शेवटी मी शेवंतीकडं बोट दाखवलं. ती अजून वरच होती, तोंड उघडं.

गाळ आम्ही दोघांनी मिळून काढला, थोडं थोडं पाणी बदललं. काकडीचा काप मी उचलायचा, असं ठरलं. त्या वेळी काका अंगणात पाठ करून उभे राहत. पण काढलेल्या गोगलगायी मागच्या गल्लीतल्या कोंबड्यांना घालायच्या म्हटल्यावर त्यांनी बादली माझ्या हातातून घेतली. "त्याबी उपाशीच असतेत बिचाऱ्या," म्हणाले. आता प्रश्न त्यांच्या स्वतःच्या जेवणाचा होता. पहिल्या दुपारी जिन्यावर जड पावलं वाजली. काका ताट घेऊन वर आले होते.

"खाली तिच्यासमोर जेवता येईना. तुमच्यात बसू का?"

समोरच्या खुर्चीवर जुन्या पेपरांचा गठ्ठा असायचा. तो मी खाली ठेवला. त्या दिवसापासून ते रोज येऊ लागले. माझा खाणावळीचा डबा पाहून त्यांना जो धक्का बसला, तो मला टँक पाहून बसलेल्या धक्क्याहून कमी नव्हता. "ह्याच्यावर जगून राह्यलात तुम्ही?" असं म्हणून अर्धी भाकरी माझ्या डब्यात पडली, ती रोज पडत गेली. जेवताना ते कधीमधी थांबून कान देत, जणू खालून शेवंती हाक मारेल.

काच हळूहळू स्वच्छ झाली. शेवंती खाली उतरून पोहायला लागली. काकू आल्या, कुशीत नात आणि मागं मुलगी. बॅग खाली न ठेवता त्या आधी टँकसमोर उभ्या राहिल्या. शेवंती काचेपाशी आली. मुलीनं बाळाला तिथंच ती दाखवली. काका दाराला टेकून उभे होते. त्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग काकूंचं लक्ष कोपऱ्यातल्या चारपाच गोगलगायींकडं गेलं.

"मी एकटी शेवंती ठिवून गेल्ते. ह्ये पाव्हणे कोण?"

"जेवायला आल्ते," काका म्हणाले.

काकू रागावल्या नाहीत. "माझ्यामागं एकटे जेवलेच न्हाईत जणू," एवढंच म्हणाल्या आणि चूल पेटवायला आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा उघडला आणि थोडा वेळ तसाच बसलो. जिन्यावर पावलं वाजली नाहीत. खाली ताटांचा आवाज, बाळाचं रडणं, काकांचं हसणं चाललं होतं, आणि ते तसंच असायला हवं होतं. मी जेवून घेतलं. पेपरांचा गठ्ठा अजून जमिनीवरच आहे. समोरची खुर्ची मी रिकामी ठेवली आहे.