आसेगाव: डोळ्यांत थेंब, मंचावर सत्कार

वाशीमकडे फिरायला कोण जातं, असं तुम्ही विचाराल. मीही गेले नसते. पण माझा मावसभाऊ सुहास तिथल्या एका सेवाभावी क्लबचा सचिव झालाय, आणि त्याने फोनवरून माझं डोकं खाल्लं. "ताई, तू ब्लॉग लिहितेस ना? मंग आमच्या आसेगावच्या नेत्रशिबिरावर लिही न!" शेवटी म्हटलं, येते बाबा, पण फोन ठेव.

अकोल्याहून सकाळची एसटी पकडा, खिडकी मिळते. पातूरनंतरचा घाट बघण्यासारखा आहे. वाशीमच्या अलीकडे मालेगाव लागतं (नाशिककडचं नव्हे), तिथे बस थांबते तेव्हा गरम आलुबोंडा नक्की खा, तर्री मागून घ्या आणि पाण्याची बाटली आपली ठेवा. वाशीमला मी स्टँडजवळच्या साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ, पण गरम पाणी सकाळी आठनंतरच.

दुसऱ्या दिवशी आठला निघायचं ठरलं होतं. निघालो साडेनऊला. का? तर सत्काराच्या शाली अध्यक्षांच्या घरी राहिल्या होत्या! शाली आणायला एक गाडी गेली, तिला शोधायला दुसरी गेली. मी मात्र भल्या पहाटे थंड पाण्याने आंघोळ करून तयार. पुढचा तासभर खड्ड्यांनी हाडं खिळखिळी केली.

आसेगावात मंडपाखाली म्हातारी माणसं सातपासून बसलेली. डॉक्टर तरुण, कामाचा माणूस. गेल्या गेल्या त्याने सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातले. मला म्हणाला, "अर्ध्या तासात बाहुल्या मोठ्या होतील, की लगेच तपासतो. ज्यांना मोतीबिंदू निघेल ते आजच मिनीबसने ऑपरेशनला वाशीमला. मला दीडला निघावंच लागेल, दुपारी तिकडे ऑपरेशनं आहेत."

माझ्या शेजारी कमलाबाई होत्या. बाजारासाठी मेथी-सांबार पिकवतात; सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. एक डोळा कायमचा गेलेला, दुसऱ्यावर पडदा. मुलगा-सून ऊस तोडायला गेलेले, मळा यांच्या एकटीच्या भरवशावर. "जुड्या चाचपडून बांधा लागते," त्या म्हणाल्या. "परवा मेथीत गाजरगवत गेलं. गिऱ्हाईक लय बोललं मले."

तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले, आणि क्लबवाल्यांनी डॉक्टरला हाताला धरून मंचावर नेलं. मग काय! अध्यक्षांचा सत्कार उपाध्यक्षांनी केला, उपाध्यक्षांचा अध्यक्षांनी. खजिनदाराचा झाला, मंडपवाल्याचाही झाला. डॉक्टर बिचारा शाल पांघरून घड्याळ बघतोय. पाहुण्यांनी माईक धरला आणि मागच्या फोटोंच्या फलकाकडे हात केला, "पहा, पहा, क्लबचं गेल्या वर्षीचं काम पहा!" अहो, कुणाला सांगताय? थेंबांमुळे समोरच्यांना स्वतःचा हात नीट दिसत नव्हता! मला हसावं की कपाळ बडवावं कळेना.

कमलाबाई उठल्या. "ओ साहेब, भाषण आमी कानानं आयकतो. त्या डॉक्टरले काहून बसवून ठेवलं? त्याले खाली सोडा न!"

सगळा मंडप हसला. पाहुण्यांचा चेहरा पडला, पण डॉक्टर तेवढ्यात शालीसकट खाली उतरला. तोवर साडेबारा झाले होते. काहींचा थेंबांचा असर उतरला होता, त्यांना पुन्हा थेंब. दीडला त्याने पेटी बंद केली तेव्हा मिनीबस भरली होती आणि सहा जण तपासायचे राहिले होते. त्यांत कमलाबाई.

सुहास त्यांना म्हणाला, "मावशी, पुढच्या वर्षी पयलं नाव तुमचंच."

माझं टाळकंच फिरलं. "पुढच्या वर्षी? सुहास, त्यांना एकच डोळा आहे रे! तो गेल्यावर कोणता फोटो काढशील?"

मग मात्र पठ्ठ्याने कमाल केली. अध्यक्षांसकट साऱ्यांना गाड्यांतून उतरवलं आणि सहाही जणांना बसवलं. माझीही जागा गेली. कडक इस्त्रीच्या कुडत्यांतल्या मंडळींबरोबर मी दीड तास एसटीची वाट पाहिली.

संध्याकाळी ऑपरेशनं उरकून डॉक्टरने वाशीमला त्या सहा जणांना तपासलं. दुसऱ्या दिवशी कमलाबाईंचं ऑपरेशन झालं.

घरी आल्यावर क्लबची चांगली सालटी काढणारी पोस्ट लिहून ठेवली. टाकणार, तोच सुहासचा फोन. कमलाबाई फेरतपासणीला आल्या होत्या, त्याने फोन त्यांच्याकडे दिला.

"दिसून राह्यलं, बाई! मेथी मेथीच दिसते आता."

मी विचारलं, "त्या दिवशी या लोकांचा राग नाही आला?"

"आला न. लय आला. पण आमच्या गावाले हेच आले. बाकी कोन आलं?"

पोस्टमधला एक शब्दही मी खोडला नाही. मी अजून चिडलेलीच आहे. पण अकोल्यात राहून मला तीस वर्षं झाली, आणि आसेगावला मीही पहिल्यांदाच गेले होते. तेही ब्लॉगसाठी.