नळ की हौद

स्टेशनाबाहेर टांग्यांच्या अड्ड्यावर घोड्यांना पाणी पिण्यासाठी नळाखाली दगडी हौद होता. तो माझ्या वडिलांनी आईच्या नावानं बांधून दिलेला. ती गेली तेव्हा मला नीट चालताही येत नव्हतं. दारात टांगा आला की ती आधी घोड्यापुढे बादली ठेवी आणि मग माणसांना चहा विचारी, एवढंच तिच्याबद्दल माझ्या कानावर आलेलं. तिचा फोटो नाही, सातबाऱ्यावर नाव नाही. नाव होतं ते फक्त हौदाच्या दर्शनी दगडावर कोरलेलं, आणि खाली 'मुक्या जनावरांसाठी'. शाळेत जाता-येता मी त्या अक्षरांवरून बोट फिरवी. घोड्यांच्या लाळेनं दगड बुळबुळीत लागे.

बहात्तरच्या दुष्काळात रस्ता रुंद करायचं निघालं आणि हौद आड आला. मी तेव्हा प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. टांगेवाले माझ्याकडे आले, कारण आई माझी, आणि अर्ज लिहिता येणारीही मीच. मग कचेरीच्या खेपा सुरू झाल्या. साहेब दुष्काळी कामावर गेलेत. साहेब जेवायला गेलेत. साहेब आहेत, पण फाईल नगरला गेलीय. माणसं खडी फोडायला रांगा लावत होती, अशा दिवसांत घोड्यांच्या पाण्यासाठी भांडणारी बाई म्हणजे कचेरीला करमणूकच.

"बाई, घोड्यांच्या सह्या घेतल्या का अर्जावर?" एक कारकून म्हणाला, आणि सगळे खिदळले. मी तिथून तडक निघाले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बाकावर जाऊन बसले. करणार काय?

अखेर ओव्हरसियर भेटला. टांगेवाले व्हरांड्यात थांबलेले, आत मी एकटीच.

"हे बघा," तो म्हणाला, "कडेला सिमेंटचा साधा हौद बांधून देतो, नळ तिथंच राहील. पण मग तुमचा दगडी फुटणार. नाहीतर दगडी हौद नावासकट बागेत हलवतो, पण अड्ड्यावरचा नळ बंद. मंजुरी एकाच कामाची आहे. बोला, नळ की हौद?"

नाव असलेला दगड तेवढा काढून द्या, असं म्हणायचं मला सुचलंच नाही. खरंच सुचलं नाही, की सुचू दिलं नाही, देव जाणे.

मी म्हणाले, "हौद."

बाहेर सगळ्यांत म्हातारा टांगेवाला पुढे झाला. आईला शेवटचं दवाखान्यात नेलं ते त्यानंच.

"काय झालं गं माय?"

"हौद वाचला."

त्यांनी गूळ-शेंगदाणे वाटले. पहिली मूठ माझ्या ओंजळीत.

हौद बागेत गेला. भोवती लोखंडी गज लागले, आत माती भरून सदाफुली लावली, अक्षरांना लाल रंग दिला. अड्ड्यावरचा नळ बंद झाला. तो सगळा उन्हाळा टांगेवाले रेल्वेच्या लोकांच्या हातापाया पडत, इंजिनात पाणी भरायच्या नळाखाली बादल्या धरत राहिले.

एका दुपारी म्हाताऱ्याच्या टांग्यातून मी घरी निघाले होते. त्याची घोडी बागेपाशी आपणहून थांबली. गजांतून मान घालून तिनं हौदात तोंड नेलं, कोरडी माती हुंगली आणि फुरफुरली.

"वाच गं बये, वाच," तो म्हणाला. "पानी न्हाई, पन अक्षर लई झ्याक हाय." मग माझ्याकडे न बघताच, "माय, खरं सांग. तुला त्यांनी इचारलं तरी हुतं का?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे. तुज्या हातात न्हवतं ते."

आणि आईच्या नावाला हात जोडून त्यानं लगाम ओढला.

आता गावात टांगा नाही, तो म्हातारा नाही. अधूनमधून कुणी हौशी माणूस हौदाचा फोटो काढायला येतो आणि वर मलाच ऐकवतो, "बाई, हा वारसा तुमच्यामुळे वाचला." मी चहा टाकते. आतून चिडचिड होते, त्याच्यावर नाही. काय वाचवलं मी? ज्याच्यातून एका घोड्याला घोटभर पाणी मिळत नाही, त्याला हौद म्हणायचं?

बादली ठेवणारी बाई होती ती. तिला विचारलं असतं, तर ती नळच म्हणाली असती.

मला विचारलं होतं.