बॉनेटवरची तीन भोकं

आमच्या गाडीच्या बॉनेटवर, अगदी पुढच्या टोकाला, तीन भोकं होती. मी दहा वर्षांची असताना थोरल्या काकांनी स्क्रू ड्रायव्हर घालून तिथला मोनोग्राम उचकटला होता. वीतभर लांब, पितळेचा, वर क्रोम. दोन पंख आणि मधे गाडीचं नाव. आजोबा, म्हणजे आबा, गेल्यावर वाटण्या झाल्या आणि त्यांची बंद पडलेली गाडी माझ्या बाबांच्या वाट्याला आली, तो दिवस.

"पत्रा तुझा," काका बाबांना म्हणाले, "नाव आबांचं. ते थोरल्याकडंच ऱ्हाणार की."

बाबांनी त्या भोकांवरून बोट फिरवलं. ते कुणाला उलट बोलत नाहीत. मीही बोलत नाही, पण मी पाहते आणि पाहिलेलं विसरत नाही.

मोनोग्राम काकांच्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात गेला. दर दिवाळीला पाहुणे विचारायचे, "आणि गाडी?" काका म्हणायचे, "उरलेलं हाय की, धाकट्याच्या गोठ्यात." सगळे हसायचे. बाबा चिवड्याच्या ताटलीत बघत बसायचे.

नोकरी लागल्यावर मी ती गाडी गोठ्यातून बाहेर काढली. इंजिन, वायरिंग, सीट, सगळं व्हायला दोन वर्षं गेली. बाबा रोज संध्याकाळी येऊन नुसता हात फिरवायचे. बॉनेटवर तेवढा शेवटचा रंग आणि मोनोग्राम राहिला होता. तसा तयार कुठेच मिळेना. मग मी काकांकडे गेले. वाक्य घरीच पाठ केलं होतं.

"काका, नमुना म्हणून एक दिवस द्याल का?"

"नमुना? म्हणजे नकली नाव लावून गावभर फिरणार व्हय, मॅडम?" ते इतक्या जोरात म्हणाले की शेजारच्या ओट्यावरची माणसंही वळली.

मी "बरं" म्हटलं आणि निघाले.

गौरीच्या आदल्या दिवशी त्यांच्या घरी आवराआवरीला आम्हा सगळ्या मुलींना बोलावलं होतं. काकांनी दरवर्षीसारखं कपाट उघडून चांदीची भांडी माझ्यापुढे ठेवली. वर मोनोग्रामही ठेवला. "इंग्रजी शाळेत घासायला तरी शिकवत्यात न्हवं?"

मी पितांबरी घेऊन मागच्या मोरीपाशी बसले. पिशवीत गणपतीची उरलेली शाडू होती, ओल्या फडक्यात बांधलेली. ती मी मुद्दाम नेली होती. दोन लाद्या केल्या, एकीवर मोनोग्रामचा पुढचा भाग दाबला, दुसरीवर मागचा, भोकांत बसणाऱ्या तीन पिनांसकट. मग धुऊन, चकचकीत पुसून परत दिला. "बघा, आलं की पोरीला," काका म्हणाले.

ठसे आठवडाभर सावलीत वाळवून मी ते शिरोली एमआयडीसीत नेले. तिथे बाबांच्या शाळेतल्या एका मित्राची छोटी फाउंड्री आहे. त्यांनी पितळेत ओतून, घासून, क्रोम करून दिलं. काम इतकं सुरेख झालं होतं की मी ते ओढणीत गुंडाळून आणलं. बॉनेटवर ठेवलं, तर मधली पिन बसली आणि कडेच्या दोन्ही पिना भोकांच्या अलीकडेच, आतल्या बाजूला अडल्या.

मी परत गेले. फाउंड्रीवाले काका कपाळावर हात मारून हसले.

"अगं, वाळताना शाडू आकसली. वर पितळ, ते बी थंड होताना आकसतंय. आम्ही साचा थोडा मोठा धरतो तो उगंच व्हय? मला वाटलं, तू मोठा धरलाईस." मग म्हणाले, "दे हिकडं, चार दिवसांत मापात ओतून देतो. न्हायतर कडेची भोकं बुजवून नवी पाडायची. पण मग जुना मोनोग्राम त्या बॉनेटवर कधीच बसायचा न्हाय, हां."

चार दिवस मला सहज थांबता आलं असतं.

"बुजवा," मी म्हटलं.

बाबांना यातलं काही सांगितलं नाही. भोकं भरली, वर रंग चढला, नवी पडली. माझा मोनोग्राम मी स्वतः बसवला. तिन्ही पिना आत गेल्या, मागून क्लिपा दाबल्या.

दसऱ्याला गाडीची पूजा होती. गल्ली जमली होती. बाबा नारळ घेऊन उभे होते, तेवढ्यात काका आले. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी.

"थांबा रं! ते नकली काढा. आबांचं खरं आणलंय मी. इतकी वर्षं मीच जपलंय, म्हणून तर हाय!" ते गल्लीला ऐकू जाईल असं बोलत होते. बाबांनी नारळ खाली घेतला. पुढे काय होणार ते मला दिसलं: काका नाव लावणार, काका पुढच्या सीटवर बसणार, बाबा मागे.

मी पक्कडीने क्लिपा काढल्या आणि माझा मोनोग्राम ओंजळीत घेऊन बाजूला झाले. काकांनी आपला बॉनेटवर टेकवला. डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला. पितळ रंगावर करकरलं. लोक वाकून बघू लागले.

"बसंना कसं? हितली भोकं कुठं गेली?"

"बुजवली, काका."

"कुणी?"

"मी." माझा आवाज नेहमीसारखाच बारीक होता, पण कुणीच बोलत नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. "तुमचं कपाटातच राहू दे. उरलेलं आम्ही चालवतो."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्या ओंजळीतला मोनोग्राम स्वतःकडे घेतला आणि नारळ माझ्या हातात दिला.

"फोड," ते म्हणाले. आणि काकांना, आयुष्यात पहिल्यांदा, "दादा, जरा बाजूला हो. गाडी काढायची हाय."

रंगावर दोन ओरखडे राहिले आहेत. रंगारी पुसून देतो म्हणतो. मी नको म्हटलंय.