कोबाल्टचा कोरडा दिवस

"मॅडम, पाणी कुठं गेलं?"

माझ्या पीएचडीच्या विद्यार्थिनीनं, तहसीननं, हे अगदी हळू विचारलं. तिच्या नमुन्याच्या काचपेटीतली पाण्याची वाटी कुणीतरी उपडी करून, पुसून ठेवली होती. नमुनाही जागेवर नव्हता. तो सापडला डेसिकेटरमध्ये. डेसिकेटर म्हणजे जाड काचेचा डबा, त्याच्या तळाशी ओल शोषून घेणारे खडे असतात. सांगलीतल्या आमच्या पदार्थविज्ञान विभागात सगळे नमुने त्यातच ठेवतात. हा एकच नमुना असा होता, की तो तिथं ठेवणं म्हणजे त्याचा जीव घेणं.

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख आले. म्हसवडचा माणूस, शिस्तीचा आणि मनानं चांगला. "मीच ठिवला आत," ते म्हणाले. "काल कोरडा दिवस न्हवता का? डास लय झालेत, मॅडम. साठलेलं सगळं पाणी वतून टाकलं."

पालिका सांगते, डेंग्यू टाळायला आठवड्यातून एक दिवस साठवणीची भांडी रिकामी करा. लोक घरी बॅरल उपडं करतात, कुंडीखालची ताटली पुसतात. सरांनी अख्खा विभाग कोरडा केला होता. आता अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

हा नमुना म्हणजे चिमूटभर काळी पूड. कोबाल्ट आणि ऑक्सिजन यांचे पातळ थर, भाकरीवर भाकरी ठेवावी तसे, आणि मधे सोडियम. या थरात कोबाल्टचे अणू त्रिकोणात बसलेले असतात. प्रत्येकाचा इलेक्ट्रॉन म्हणजे इवलंसं चुंबक, आणि त्याला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्याला कळत नाही कुणाकडं पाठ करावी. तीन जावांचं घर! त्या अनिश्चिततेत काय काय घडतं याचा विचार करत मी कितीतरी दुपारी नुसती खिडकीबाहेर बघत बसले आहे.

या थरांमध्ये पाण्याचे रेणू शिरले की थर एकमेकांपासून लांब सरकतात. मग भयंकर थंडीत, उणे दोनशे अडुसष्ट अंशांच्या आसपास, ही पूड सुपरकंडक्टर होते. म्हणजे विजेला अडवायचंच विसरते आणि चुंबकाचा प्रभाव अंगाबाहेर ढकलते. असं का होतं, यावर जाणत्यांचे अजून वाद आहेत. मी दुष्काळी जतची. पाणी आल्यावर एखादी गोष्ट जिवंत होते, यात मला कधी नवल वाटलं नाही.

पण आता पाणी गेलं होतं. आणि सोमवारी दुपारी पुण्यातल्या एका संस्थेत, इतकं थंड करून मोजणाऱ्या यंत्रावर तहसीनची पाळी होती. ती पाळी कित्येक महिने वाट पाहून मिळालेली. पीएचडीचा शेवटचा चॅप्टर त्यावर उभा. जूनमध्ये ती रहिमतपूरच्या शाळेत शिकवायला लागणार होती. एकदा शाळा सुरू झाली की प्रबंध कपाटात जातो, हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलंय.

आम्ही नमुन्यावर एक्स-रे टाकून पाहिला. थरांमधलं अंतर त्यावरून कळतं. थर चक्क मिटले होते.

"मग परत पाणी घाला की," सर म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"ओतून चालत नाही, सर. सोडियम धुऊन जाईल. नुसत्या दमट हवेत ठेवायचं. ते त्याच्या कलानं पिईल."

"सोमवारपातूर?"

मी पाण्याची वाटी भरून पेटीत ठेवली आणि तिच्याशेजारी बरीचशी पूड; थोडी डेसिकेटरमध्येच राहिली.

शनिवार, रविवार आम्ही त्या पेटीशेजारी बसून काढले. बाहेर एप्रिलचं ऊन, आत काचेवर धुकं धरलेलं. त्या धुक्यापलीकडं थर एकेक करून उघडत असतील, असं मनात येत राही. रविवारी संध्याकाळी पुन्हा एक्स-रे घेतला. काही थर उघडले होते, काही नव्हते.

"पाळी सोडून दे," मी म्हटलं. "अर्धवट नमुन्यावर काही दिसलं नाही तर उगाच नाव खराब."

"न्हाई मॅडम. जायचंच." तिनं डेसिकेटरमध्ये उरलेली पूड वेगळ्या कुपीत घेतली. "ही पण नेते. पूड एकच, एक ओली, एक कोरडी. शेजारी शेजारी मोजू."

माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं.

सोमवारी पहिली एसटी धरली. ओल्या कापसात ठेवलेली बरणी तिनं सातारा येईपर्यंत मांडीवरून हलवली नाही. पुढंही नाही. यंत्रावरचा ऑपरेटर नेहमीप्रमाणं आधी पंपानं हवा काढणार होता. "आधी गोठवा, मग पंप," ती म्हणाली, "नाहीतर हवेबरोबर पाणी जाईल." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "ती सांगेल तसं करा."

कोरडी पूड आधी. पडद्यावर सरळ रेघ, शेवटपर्यंत सरळ. मग ओली. तीही सरळच चालली होती. आणि मग, अगदी शेवटच्या थंडीत, ती खाली वळली. फार नाही, पण वळली; म्हणजे पूड चुंबकाचा प्रभाव बाहेर ढकलू लागली होती. तहसीननं माझा हात घट्ट धरला, आणि मला खरंच भरून आलं.

मी सरांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "म्हंजे वाळवला म्हणून पुरावा मिळाला की!"

"सर, वाळवलात तुम्ही. पुरावा तिनं काढला."

"व्हय," ते म्हणाले. "ते खरं हाय. फोन तिला द्या."

प्रबंध जमा झाला आणि तहसीन वेळेवर शाळेत रुजू झाली. तो नमुना मात्र पुण्याहून परत येईपर्यंत पुन्हा सुकला होता. आम्ही तो तसाच राहू दिला. जे कोरडं ते टिकतं, हा नियम पापड-कुरड्यांना ठीक आहे. बाकीच्यांना आधी विचारून घ्यावं.