हेल्मेटवाली बाई आणि दोन जावा

आमच्या घराण्यात मी विद्वान समजला जायचो, याचं कारण एवढंच की मला बारीक ठसे वाचता यायचे. ऐंशीच्या दशकात कळंबोलीला लोखंडाचा बाजार बसला आणि मला तिथे एका व्यापाऱ्याकडे नोकरी लागली. ट्रकमधून उतरलेल्या प्लेटांवर कारखान्याने ठोकलेले आकडे वाचायचे आणि 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं, एवढंच काम. दिवसभर वाकून बघणाऱ्या माणसाची मान घरी आल्यावरही वाकलेलीच राहते, आणि लोकांना वाटतं, गडी विचारात आहे.

तर एकदा रबाळ्याहून आत्याचा निरोप आला. "भिंग घेऊन ये. चांदी बघायची हाय."

आत्याचं सासर रबाळ्याजवळच्या गावातलं. जमिनी संपादनात गेल्या, माणसं मिठागरांतून कारखान्यांत गेली, आणि पुढे एका घरात दोन चुली झाल्या. मधोमध विटांची भिंत उठली. अलीकडे आत्या, पलीकडे तिची थोरली जाऊ. भिंत छपरापर्यंत नेलीच नव्हती, वर हातभर फट होती. ती वाऱ्यासाठी ठेवली, असं दोघी सांगायच्या. वाऱ्याचं मला माहीत नाही, पण त्या फटीतून टोमणे बिनचूक पोचायचे, आणि कधीकधी स्टुलावर चढून दिलेली कालवणाची वाटीही.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, तोवर वारले होते. सत्तरच्या दशकात ते तिथल्याच एका कारखान्यात ड्रायव्हर होते. कारखाना उभारायला फ्रान्सहून एक इंजिनियर आला होता. त्याच्या बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हा आतोबांनी गाडी अशी काही हाकली की गाडीत व्हायचं मूल ठाण्याच्या दवाखान्यात झालं. परत जाताना त्या बाईने आपल्या आजीच्या काट्याचमच्यांची पेटी आतोबांच्या हातात ठेवली. आतोबा घरी येऊन म्हणाले, "चांदी हाय." थोरली तिथल्या तिथे म्हणाली, "साहेब लोक डायवरला चांदी देतात व्हय? जर्मन सिल्वर असंल, नुसती नावाची चांदी. भोळा हाय आमचा दीर."

हे वाक्य तिने पुढे दर सणाला म्हटलं. आतोबा गेल्यावरही म्हटलं. आत्याला चांदीचं काही पडलं नव्हतं. आपला नवरा भोळा नव्हता, हे थोरलीने एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, एवढाच तिचा हट्ट.

"मग सोनाराकडे ने ना," मी म्हटलं.

"सोनार कानस मारतो. आनि तो थोरलीच्या माहेरचा. तू दिवसभर लोखंड वाचतोस, तुला चमचे वाचाया काय होतंय?"

नाही म्हणायला अक्कल लागते, ती माझ्याकडे नव्हती. मी थोडी मुदत मागून घेतली आणि वाशीच्या रद्दीवाल्याकडून परदेशी चांदीवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पैदा केलं. दोन ओळी समजायच्या, तिसरीला डिक्शनरी लागायची. पण मुद्द्याचं कळलं. फ्रेंच चांदीवर दोन ठसे असतात. एक सरकारी. त्यात हेल्मेट घातलेल्या एका बाईचं तोंड असतं. ही मिनर्व्हा, रोमन लोकांची बुद्धीची देवी. तिच्याजवळ एकचा आकडा असला तर चांदी अव्वल, दोनचा असला तर जरा हलकी. दुसरा ठसा कारागिराचा. त्याची आद्याक्षरं शंकरपाळ्याच्या आकारात असली तर अस्सल चांदी, आणि चौकोनात असली तर वरवरचा मुलामा. थोडक्यात, आतोबांची अब्रू शंकरपाळं की चौकोन यावर येऊन ठेपली होती. आणि हे सगळं तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत!

मी गेलो. आत्याने पेटी उघडली. मी एक काटा उचलला, डॉक्टर नाडी बघतो तसा चेहरा केला, काटा पालथा केला आणि भिंग लावलं. भिंगातून मला दिसलं ते आत्याचं नाव. मग आतोबांचं. मग तिच्या सासऱ्यांचं. मग आडनाव, आणि शेवटी गावाचं नाव, ठिपक्याठिपक्यांनी, देठाच्या अगदी टोकापर्यंत.

"आत्या, हे काय?"

"नाव घातलंय. भांड्यावर नाव नको?"

मी दुसरा काटा घेतला. नाव. चमचा घेतला. नाव. वाटणीच्या आधी आत्याने अख्खी पेटी बाजारात नेऊन भांडीवाल्याच्या मशीनखाली घातली होती. आधी पाठीवर कुणाचीतरी वेलबुट्टीची अक्षरं होती. फ्रेंच लोक काटा टेबलावर पालथा मांडतात, म्हणून घराण्याची अक्षरं पाठीवर कोरतात, हेही मला पुस्तकाने सांगितलं होतं. आत्याला ते कोण सांगणार?

"दुसऱ्याच्या नावाचं भांडं घरात ठेवायचं?" ती म्हणाली. "लोक म्हनतील, कोनाच्यातरी लग्नातून आनलं नि परत दिलं नाय. मी त्याला सांगितलं, समदं घासून काढ. भला मानूस, बारीकसारीक पन ठेवलं नाय त्यानं."

भला माणूस खरंच. त्याने घराण्याची अक्षरं घासली, कारागीर घासला, मिनर्व्हा घासली, आणि बुद्धीच्या देवीच्या जागी आमच्या गावाचं नाव आणून बसवलं. मी एकेक नग उलटा करत गेलो. वाचायला आलेला मी आत्याचं नावच पाठ करत बसलो. पलीकडून भांडी घासल्याचा आवाज मघाशीच थांबला होता, म्हणजे थोरली ऐकत होती.

"सगळे हेच?" मी हळूच विचारलं.

आत्याने कपाळाला आठी घातली, मग उठली आणि चहाच्या डब्यातला चमचा घेऊन आली. पेटी बाजारात गेली तेव्हा हा डब्यातच राहिला होता. चहाच्या भुकटीने काळामिट्ट झालेला. मी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, पालथा केला, खिडकीशी नेला.

तिथे ती होती. हेल्मेट घातलेली, नाक सरळ, चेहऱ्यावर आमच्या थोरलीसारखाच तोरा. शेजारी एकचा आकडा. आणि देठावर थोडं खाली, पुसट पण चार कोनांचं, चांगलं उभं तळलेलं शंकरपाळं.

माझा आनंद मला आवरला नाही. मी फटीकडे तोंड करून गावाला दवंडी द्यावी तसा ओरडलो, "आत्या, चांदी! अव्वल नंबर! आतोबा बरोबर होते!"

आत्याने पदर तोंडाला लावला. आणि थोरली दारात हजर. पदराला हात पुसत आली, चमचा घेतला, भिंगातून पाहिलं, भिंग उलटं धरलं होतं तरी पाहिलं.

"ही बाई कोन?"

"देवी आहे, काकी. फ्रान्स सरकारचा शिक्का."

थोरलीने चमचा आणखी एकदा उजेडात धरला. मग खरोखर म्हणाली, "मंग आमचा दीर भोळा नव्हता म्हनायचा."

आत्याचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, या वर्षीची दिवाळी इथेच साजरी झाली. पण थोरली खाली बसली, मांडी घातली, आणि चमचे दोन ढिगांत लावायला लागली.

"काय करताय जाऊबाय?"

"अर्धे माझे. पेटी आली तवा चूल एक होती. चांदी निम्मी निम्मी वाटायची, वाटणीत पंचांनीच ठरवलेलं. जर्मन सिल्वर म्हनून मी सोडलेली."

मला एकदम कामाची आठवण झाली. कळंबोलीला मला कुणीतरी शोधत असेल, असं वाटायला लागलं. पण दारात थोरली बसली होती.

आत्याने क्षणभर त्या ढिगाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या नजरेत माझी विद्वत्ता कायमची संपली.

"याचं काय ऐकता जाऊबाय?" ती म्हणाली. "चौथीत दोन वर्सं बसलेला ह्यो. लोखंड वाचनारा मानूस, त्याला चांदी काय कळनार? तुमीच बरोबर होता. जर्मन सिल्वर हाय."

"कायतरीच! चांगला शिकलेला पोरगा हाय." थोरलीने माझी एवढी स्तुती माझ्या लग्नातही केली नव्हती. "देवी हाय तिच्यावर."

"देवी तर काडेपेटीवर पन असते."

"आत्या, पण तो एकचा आकडा…"

"तू गप."

तव्यावर बोंबील टाकलेले होते. आत्याने पेटीतला एक काटा उचलला, तरातरा चुलीपाशी गेली आणि तो थेट तेलात घातला. "चांदी असती तर म्हावरं परतलं असतं का मी हिनं? सांगा." आणि ती एकेक बोंबील सावकाश उलटायला लागली.

आता चांदीची एक खोड असते, ती त्याच पुस्तकात होती. इतर कुठल्याही धातूपेक्षा ती उष्णता लवकर पोचवते. काट्याचं टोक तेलात होतं आणि दुसरं आत्याच्या बोटांत. तिसऱ्या बोंबलाला तिच्या ओठांची रेघ झाली. चौथ्याला डोळ्यांत पाणी आलं. "मसाला जास्त झालाय," ती म्हणाली. हात मात्र हलला नाही.

थोरली बघत होती. माझ्याकडे नाही, बोंबलांकडेही नाही. आत्याच्या बोटांकडे.

"बाळा, जरा धर," आत्या म्हणाली आणि काटा माझ्या हातात दिला. मी धरला. धरला तो सोडायचीही सोय नव्हती. मी नाचलो, असं पुढे लग्नाकार्यांत सांगितलं जातं. ते खोटं आहे. मी फक्त एक पाय उचलला.

"काय झालं रं?" थोरलीने विचारलं.

"डास, काकी."

"हां. यंदा डास लई."

मग थोरलीनेच पानं घ्यायला सांगितली. आम्ही तिघं जेवलो. थोरलीने भरपूर बोंबील खाल्ले, तांदळाच्या भाकरीने ताट पुसलं, हात धुतले. ढीग केलेले चमचे तिने परत पेटीत टाकले, वर झाकण ठेवलं आणि पेटी पायाने आत्याकडे सरकवली.

"जर्मन सिल्वरच हाय," ती म्हणाली. "मी तवाच सांगितलेलं."

"व्हय," आत्या म्हणाली.

थोरली पलीकडे गेली. आत्याने हात धुतल्यापासून मूठ मिटलेलीच ठेवली होती. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला आणि फटीतून एक हात आला. हातात खोबरेल तेलाची बाटली.

"बोटांना लाव गो," थोरली म्हणाली. "आनि त्या पोराला पन दे."