टोचनची लाल गाडी

नातवंडांनो, पोलिसातल्या नोकरीत तपासलेल्या सगळ्या गुन्ह्यांची कागदपत्रे रीतसर सोपवून मी निवृत्त झाले. एक तपास मात्र कुठल्याच फायलीत नाही, कारण तो निवृत्तीनंतर घडला आणि परमुलखात घडला. त्या सकाळचा एकेक तास मला अजून आठवतो. तुम्ही दोघे तेव्हा माझ्याबरोबरच होता, पण फार लहान होता, म्हणून क्रमाने लिहिते. नावे मुद्दाम घालत नाही. ती माणसे अजून त्याच वस्तीत राहतात.

२०२० साली मी दोन महिन्यांसाठी तुमच्याकडे आयर्लंडमध्ये पोर्टलीशला आले आणि कोरोनामुळे विमाने बंद झाली. एक घर सोडून पलीकडे साताऱ्याकडचे एक कुटुंब होते. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, सून, तान्हे बाळ, आणि माझ्यासारखेच येऊन अडकलेले मुलाचे वडील. त्यांना सगळे आबा म्हणत. आबांनी पस्तीस वर्षे एसटी चालवली होती. आता त्यांची स्मरणशक्ती विरत चालली होती. नातवाचे नाव विसरत, जेवलो की नाही तेही विसरत. मी पोलीस निरीक्षक होते हे मात्र त्यांच्या पक्के लक्षात होते. त्यांच्या फाटकातून रोज "नमस्कार, बाईसाहेब" येई.

आमच्या दोन घरांच्या मधल्या घरात एक आयरिश जोडपे राहत होते. त्यांच्याकडे स्वयंपाकघर आणि पलंग असलेली मोठी कॅम्पर गाडी होती. उन्हाळ्यात जिल्ह्याबाहेर जायची बंदी उठली तेव्हा त्यांनी समुद्रावर जायचे ठरवले. शनिवारी संध्याकाळी त्या गृहस्थाने कॅम्परच्या मागे एक छोटी लाल गाडी लोखंडी दांड्याने जोडली आणि वस्तीत एक फेरी मारून पाहिली. चारही चाके रस्त्यावर, आत कोणी नाही. कोपऱ्यावर कॅम्पर वळली तशी लाल गाडीची पुढची चाके वळली आणि आतले स्टीअरिंग आपोआप गर्रकन फिरले. अदृश्य माणूस बसला असावा तसे. इतक्या वर्षांच्या नोकरीत पुष्कळ पाहिले, पण मी तिथे थक्क होऊन उभी राहिले. गृहस्थाने कौतुकाने समजावले, की चावी आतच अर्धी फिरवून ठेवायची म्हणजे स्टीअरिंगला कुलूप बसत नाही, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, बाकी गाडी आपली आपण मागे येते. "शी'ज ग्रँड," म्हणजे गाडी झकास आहे, असे म्हणून त्याने टपावर थाप मारली.

आबाही फाटकाशी उभे राहून पाहत होते. मी गाडीकडे पाहिले, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. पोलिसाने ही चूक करू नये.

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास त्यांची सून धावत आली. आबा घरात नव्हते. ती बाळाला आंघोळ घालत होती, मुलगा वरच्या खोलीत लॅपटॉपवर होता, दार नुसते लोटलेले होते. आबांना मधुमेह, जवळ फोन नाही, इंग्रजी येत नाही, आणि वस्तीच्या मागे नदी. मुलगा अनवाणी नदीकडे पळत सुटला.

दहा मिनिटांत दोन पोलीस आले. तिथे पोलिसाला गार्डा म्हणतात. त्यातली तरुण गार्डा मास्क लावून अंगणात दोन मीटरवर उभी राहिली आणि वय, उंची, कपडे, शेवटचे कोणी पाहिले असे प्रश्न विचारू लागली. आपल्या ठाण्यात बेपत्ता माणसाची नोंद घेताना विचारतो तेच. तिचे काही चुकत नव्हते. तिचा जोडीदार नदीकाठी गेला. मी आबांची खोली बघायची परवानगी मागितली. आधी तिने नाही म्हटले. मी माझी नोकरी सांगितली, तेव्हा म्हणाली, कशाला हात लावू नका.

हात लावायची गरजच नव्हती. काठी कोपऱ्यात होती. घरात घालायच्या चपला पलंगाखाली होत्या. काळे बूट नव्हते, आणि जमिनीवर पॉलिशची डबी उघडी पडली होती. सुनेला विचारले तर पाण्याची बाटली आणि खांद्यावर टाकायचा नॅपकिनही जागेवर नव्हता. भरकटलेली माणसे मी बरीच शोधली आहेत. ती एका पायात चप्पल घालून निघतात. बुटांना पॉलिश करून, पाणी बरोबर घेऊन कोणी भरकटत नाही. हा माणूस कामावर निघाला होता. पण कुठल्या कामावर?

खबर समोरच्या घरातून मिळाली. तिथे एक म्हातारी बाई दिवसभर खिडकीत बसून असायची. गार्डाने तिला विचारले होते की म्हाताऱ्या गृहस्थाला रस्त्याने जाताना पाहिले का, आणि तिने खरे तेच उत्तर दिले होते, नाही. मी तिला म्हटले, आज सकाळी उठल्यापासून खिडकीतून जे जे दिसले ते सांगा. दूधवाल्यापासून तिने सुरुवात केली. मांजर झाले, कुत्रा फिरवणारे झाले, आणि मग म्हणाली, युअर मॅन, म्हणजे आपला तो म्हातारा, लाल गाडीभोवती फिरत होता, टायरांना बूट मारून बघत होता. शेजारी दोघे घराला कुलूप लावायला आत गेले होते. नंतर ही चहा करायला उठली. परत आली तेव्हा कॅम्पर गेलेली होती.

मी सुनेला ओट्यावर बसवले आणि विचारले, "काल रात्री आबा काय बोलत होते?"

"काही नाही हो काकू, नेहमीसारखं पुटपुटत होते."

"काय पुटपुटत होते? शब्द सांग."

ती रडत होती, पण आठवायला लागली. "म्हणत होते, टोचनच्या गाडीत माणूस नाही. डेपोत असं केलं असतं तर घरी बसवलं असतं."

 आपल्याकडे बंद पडलेली गाडी दुसरीच्या मागे बांधून नेतात, तिला टोचन म्हणतात. आमची जीप बंद पडली की टोचनच्या जीपमध्ये एक शिपाई स्टीअरिंगवर बसवावाच लागे. त्याच्याशिवाय गाडी हलवायची नाही, हा नियम. आबांनी रिकामी सीट पाहिली होती आणि ती भरली होती.

म्हणजे ते नदीत नव्हते. मोटरवेवर, ताशी ऐंशीच्या वेगाने, दुसऱ्याच्या मागे ओढले जात होते आणि कॅम्परच्या उंच पाठीमुळे पुढच्याला त्याचा पत्ताही नव्हता. नातवाचे नाव विसरणाऱ्या माणसाच्या हाताशी चावी होती. ती उलटी फिरवून काढली की स्टीअरिंगला कुलूप. पायाशी ब्रेक होता. शेजाऱ्यांचा फोन लागत होता, पण कोणी उचलत नव्हते.

मी गार्डाला सगळे सांगितले. तिचे डोळे मास्कच्या वर मोठे झाले. ती वायरलेसवर बोलू लागली तेव्हा मला एकदम सुचले आणि मी दोन मीटरचा नियम मोडून तिचा हात धरला.

"मागून सायरन वाजवू नका. पस्तीस वर्षं त्यांनी सायरनला वाट दिली आहे. ऐकला की ते गाडी डावीकडे घेतील."

तिने माझे वाक्य जसेच्या तसे वायरलेसवर सांगितले. पुढे जा, दिवे लावा, आवाज करू नका, कॅम्परला हळूहळू थांबवा.

त्यानंतरची वीस मिनिटे मला माझ्या अख्ख्या नोकरीहून लांब वाटली. मुलगा नदीवरून परतला होता. तो भिंतीला टेकून उभा होता आणि त्याच्या पायांना चिखल होता. मग वायरलेस खरखरला. रॉसक्रे गावाच्याही बरेच पुढे, शंभरेक किलोमीटरवर, कॅम्पर बाजूला घेतली होती. म्हातारे गृहस्थ ड्रायव्हरच्या सीटवर आहेत, पट्टा लावलेला आहे, सुखरूप आहेत. तिकडच्या गार्डाने आणखी एक गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ शेजारच्या लेनमधून बरोबरीने चालला होता. म्हाताऱ्याने स्टीअरिंग धरले नव्हते. दोन्ही तळवे चाकावर नुसते टेकवले होते आणि चाक त्यांच्याखालून फिरू देत होता.

दुपारी पोलिसांच्या गाडीतून आबा घरी आले. मुलगा त्यांच्यावर ओरडला आणि ओरडता ओरडता रडला. दाराला बाहेरून कडी लावतो म्हणाला. आबा गांगरून एकेकाचे तोंड बघत होते. मी म्हटले, मला पाच मिनिटे द्या. मी समोर खुर्ची घेतली आणि साहेब विचारतो तसे विचारले, "ड्रायव्हर, रिपोर्ट द्या."

आबांची पाठ ताठ झाली.

"नऊला निघालो, बाईसाहेब. गाडी न्यूट्रल. चावीला हात न्हाई लावला."

"ब्रेक?"

"न्हाई. दोर असता तर ब्रेक माझा. हितं दांडा हाय. दांड्याला ब्रेक पुढच्याचा. मागच्यानं दाबला तर दोघं जातील."

 दोर आणि दांडा यांतला फरक त्यांनी टायर तपासतानाच ओळखला होता.

"मग स्टीअरिंग आपोआप फिरतंय, ब्रेक पुढच्याचा, तर तुम्ही बसलात कशाला?"

लहान मुलाला समजावावे तसे ते मला म्हणाले, "आणि दांडा तुटला तर?"

 मुलाने कडीचे नाव पुन्हा काढले नाही. शेजारी गृहस्थ परत आला, आबांचा हात दोन्ही हातांनी दाबला, आणि त्यानंतर दर वेळी निघण्याआधी लाल गाडीचे दार उघडून आत बघू लागला. आबांच्या मुलाने ओळीने तीन रविवार वडिलांना जवळ बसवून गाडी वस्तीत फिरवली आणि त्यांच्याकडून स्वतःच्या चालवण्यातल्या चुका काढून घेतल्या. चुका पुष्कळ निघाल्या, असे कळले.

आपल्या बेपत्ता नोंदीत व्यवसायाचा एक रकाना असतो. म्हातारे माणूस असले की मी तिथे 'निवृत्त' लिहून पुढे सरकत असे. किती वेळा लिहिले, मोजले नाही. त्यांतले काही सापडले, काही सापडले नाहीत. जे सापडले नाहीत ते कोणत्या कामावर निघाले होते, हे मी कुणाच्या सुनेला ओट्यावर बसवून विचारले नाही. ही गोष्ट मला साठी उलटल्यावर एका एसटीच्या ड्रायव्हरने शिकवली.

तेव्हा शाळेत कोणी विचारले की तुमची आजी काय करते, तर निवृत्त आहे असे सांगू नका. पोलिसात आहे, असे सांगा.